चिंचखेडचा नमुना

चिंचखेडच्या मारुतीच्या पारावर उभं राहून सत्यवतीनं 'नमुना' हा शब्द उच्चारला, आणि घोळ झाला तो तिथंच.

"तुमच्या गावातल्या दोन वावरांतून मला कापसाचा नमुना घ्यायचा आहे," एवढंच ती म्हणाली. पारावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. नमुना! हे तर सगळ्यांनाच समजलं.

अकोल्याच्या कापूसबाजारात ज्यानं एकदा तरी गाडी उभी केली, त्याला नमुना म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. दलाल येतो, गाडीत हात खुपसतो, मूठभर कापूस उपसून उन्हात धरतो. त्या मुठीवर अख्ख्या गाडीचा भाव. म्हणून शहाणा माणूस गाडी भरतानाच, दलालाचा हात जिथं जाईल तिथं, पांढराशुभ्र बिनडागाचा कापूस रचून ठेवतो. नमुना म्हणजे दाखवायचा माल. पाहुण्यापुढं फाटकी सतरंजी कोण अंथरतं?

"मंग माह्याच वावरात चाला ना बाई," पंजाबराव पाटील म्हणाले. गावचे पाटील, आणि सत्यवती व तिची आत्या उतरल्या होत्या त्याही त्यांच्याच घरी. "जरीला जातीचा कापूस पेरला हाय. बोंडं पाहान तर लाह्या फुटल्यावानी. नमुना दाखवाचा तर तो दाखवा."

"दाखवायचा नाही, पाटील. पाहायचा आहे. वावर मीही निवडायचं नाही अन् तुम्हीही नाही. चिठ्ठीत निघेल ते."

"चिठ्ठीत?" शेषराव नावाचा एक उंच, तोंडाळ शेतकरी पुढं सरकला. "पोरगीसुद्धा आमी पाहून-सवरून करतो बाई. अन् वावर चिठ्ठीवर?"

पार हसला. सत्यवतीही हसली, पण हटली नाही. "शितावरून भाताची परीक्षा करता ना, तसंच हे."

"भात खाते कोन इथं? लढाई लागली तवापासून तांदूळ डोळ्यानं पाह्यला नाई. आमी कण्यावाले मानसं!"

म्हण वाया गेली. सत्यवतीनं आत्याच्या पदरात गावातल्या कापसाच्या सगळ्या वावरांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्या चांगल्या घुसळल्या आणि मारुतीच्या पुजाऱ्याला दोन उचलायला सांगितल्या. पहिली निघाली शेषरावची. त्याचं हसू एकदम आटोपलं. दुसरी निघाली भगवंतरावांची. ते मागं खांबाला टेकून बसले होते. नाव ऐकताच खाली पाहून म्हणाले, "देवा, माह्यंच काहून?"

*

सत्यवती ही अमरावतीच्या खुशालराव माळ्यांची लेक. शेवंती, झेंडू आणि भाजीपाल्याची बाडी, अंबादेवीच्या देवळापुढं फुलांची पाटी, आणि देवळात कीर्तन असलं की खुशालरावांच्या हातात टाळ, असं ते घर. लेक बी.ए. झाली तेव्हा जातभाईंनी पेढे मागितले. ती नागपूरला एम.ए.ला बसणार म्हटल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. त्यातून तिनं विषय घेतला तो व्यापाराला आणि राज्यकारभाराला लागणाऱ्या संख्याशास्त्राचा. "म्हंजे हिशेब?" खुशालरावांनी विचारलं होतं. "हिशेब नाही बाबा. हिशेब सगळं मोजून करतात. आमी थोडं मोजून सगळ्याचं सांगतो, अन् आपण किती चुकलो असू तेही सांगतो." खुशालराव जरा विचार करून म्हणाले, "चुकलो असू हे आधीच सांगणारं शास्त्र बरंच नम्र दिसते. शीक. पण अर्ध्यात सोडू नको."

अर्ध्यात सोडण्याची सोयही नव्हती. समाजाच्या शिक्षण फंडानं या एका वर्षापुरती मदत दिली होती, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा नंबर. आणि कापूस काही कॉलेजची वेळ पाहून फुटत नाही. सालातून एकदा येतो, वेचला गेला की गेला.

तिच्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता. पीक किती आलं हे सरकार पटवाऱ्याला विचारतं. पटवारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहतो, डोळे बारीक करतो आणि आण्यांत सांगतो: सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, सहा आणे म्हणजे बुडालेलं. ही आणेवारी. तिच्यावर शेतसारा तहकूब होणार की नाही ते ठरतं, आणि व्यापारीही तिच्यावर कान ठेवून असतात. सत्यवतीला पाहायचं होतं, डोळ्यांऐवजी काटा लावला तर काय दिसतं. चिठ्ठीनं गाव, चिठ्ठीनं वावर, वावरात गुंठाभराचा एक चौकोन. त्यातला कापूस वेचायचा आणि तोलायचा. अशी पुष्कळ गावं मिळून वऱ्हाडाचा आकडा. तिवशाकडची गावं आटोपली होती. चिंचखेड शेवटचं.

निघताना तिचे प्राध्यापक म्हणाले होते, "निघालेलं वावर सोडायचं नाही. अवघड म्हणून सोडलंस तर सगळं सोपं सोपं उरेल, आणि वऱ्हाड काही सगळं सोपं नाही." अकोल्याच्या कचेरीतल्या अंमलदारानंही चहा पाजून सांगितलं होतं, "अहवाल आम्हाला दाखवा. खरा असला तर उपयोगी पडेल." खरा असला तर. हे तीन शब्द ती बैलांच्या दमणीत बसून येताना रस्ताभर चघळत आली होती.

*

भगवंतरावांच्या वावरात तिनं पिशवीतून आकड्यांचं पुस्तक काढलं. पानंच्या पानं नुसते आकडे, कशाचा कशाला मेळ नाही. शेषराव, त्याच्या वावराची पाळी नंतर होती तरी, गंमत पाहायला आलाच होता.

"हे कोन्त्या जोतिषाचं पंचांग?"

"यात ग्रहच नाहीत. म्हणून तर कोणाच्या बाजूनं बोलत नाही."

पुस्तकातला आकडा काढून ती वावराच्या कोपऱ्यापासून तेवढी पावलं लांबीत चालली, मग तेवढी रुंदीत. थांबली तिथं पायाखालची माती पांढरट होती. पूर्णाकाठचा खारपाण, मिठानं खाल्लेली जमीन. झाडं गुडघ्याएवढी, बोंडं मोजकी.

भगवंतरावांचा चेहरा उतरला. "बाई, दहा पावलं इकडं घ्या ना. हे माह्या वावराचं नाक कापाची जागा हाय. पाहा, त्या अंगाले कसा फुटला हाय!"

"तिकडं घेतलं तर ते तुमचं वावर नाही राहणार काका, तुमच्या वावराचा फोटो होईल."

"मंग फोटोच काढा की."

तिनं खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली. भगवंतराव घरी जाताना बैलांना उगाच हाकारत गेले.

इकडं आत्या, मैनाबाई, गावात रमून गेली होती. दत्तजयंतीचा सप्ताह बसलेला. एलिचपूरकडचे सहदेवबुवा कीर्तनाला आलेले. कीर्तन म्हटलं की मैनाबाईला तहानभूक नसे. बुवांनी 'विठ्ठल' म्हणावं आणि हिच्या डोळ्यांत पाणी यावं. काल्याच्या प्रसादासाठी बायका घरोघर पसा मागत फिरत, म्हणजे दोन्ही हातांची भरून ओंजळ ज्वारी, तर मैनाबाई त्यांच्याबरोबर सूप धरून पहिली. फिरता फिरता पाटलीणबाईंनी, माणिकबाईंनी, विचारलं,

"पोट्टी कायचा नमुना घेऊन राहिली व, मैनाबाई?"

"परीक्षा हाय तिची, मोठ्ठी! एम.ए.ची! चौकोनातला कापूस तोलतात, अन् त्याच्यावर मार्क."

"अवं माय! अन् निघाला कुठी चौकोन?"

"भगवंतरावच्या खारपाणात."

बायकांच्या जिभा चुकचुकल्या. माळ्याची पोर, आईवेगळी, नागपूरपर्यंत शिकली आणि परीक्षेला मेलं हेच मिठागर यावं! तिवशाकडच्या गावांत असा गवगवा झाला नव्हता. तिकडं आत्या सोबत नव्हती.

*

वेचणीच्या दिवशी सत्यवतीनं रिवाजाप्रमाणे आधी चौकोनच वेचायला लावला. बाकी वावर जसंच्या तसं उभं. भगवंतरावांची सून जमुना आणि दोन मजुरणी दोरीच्या आत वेचू लागल्या. सत्यवती त्यांच्या हातांवर नजर ठेवून होती. मग ताणकाटा टांगायला ती बाभळीकडं गेली. तेवढ्यात पलीकडच्या पाटलांच्या वावरातून वेचणाऱ्या बायका, पुढं माणिकबाई, कमरेच्या ओट्या सांभाळत धुरा ओलांडून आल्या. पाणी प्यायला आल्या असतील, असं तिला वाटलं.

काट्याला पोतं लटकलं आणि काटा अडीच शेरांपाशी थरथरला.

सत्यवतीनं पुन्हा पाहिलं. शेरभर निघेल की नाही असं तिला वाटत होतं. तिच्या मनात आनंदाची एक लाट उठून गेली. म्हणजे डोळे असे फसवतात तर! पटवाऱ्याचे, भगवंतरावांचे, माझेसुद्धा! प्रबंधातला एक अख्खा परिच्छेद तिला दिसू लागला.

मग तिनं पोत्यात हात घातला, आणि परिच्छेद जागच्या जागी विरघळला. भगवंतरावांचा कापूस गावरान, आखूड आणि खरबरीत धाग्याचा. हाताला लागला तो लांब, मऊ, रेशमासारखा. जरीला. जरीला होता फक्त पाटलांच्या वावरात.

"जमुनाबाई, यात काय टाकलं?"

जमुना पदरात तोंड लपवून हसू लागली. तेव्हा माणिकबाई पुढं झाल्या. चोरी उघडी पडल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हती. देवाला नारळ वाढवून आल्यासारखं तेज होतं.

"आमी टाकला ना बाई! पसापसा! इतक्या जनी होतो, कोनी मागं नाई राह्यली. तुह्या परीक्षेले कमी पडाले नको."

"पाटलीणबाई..." सत्यवतीनं कापसाची मूठ कपाळाला लावली.

"रडते काहून व? पुरलं नाई का?" माणिकबाई मागच्या बाईकडं वळल्या. "शकुन, आन व अजून एक पसा!"

"नको!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाभळीवरचे होले उडाले. "अवं माय, माही परीक्षा जास्तीची नाई, खऱ्याची हाय! हे आता खोटं झालं. सगळं खोटं झालं!"

माणिकबाईंचा हात ओटीवरच राहिला. प्रेमानं वाढलेलं ताट कोणी परत सारावं तसं त्यांचं तोंड झालं. आणि ते पाहून सत्यवतीला रडू यायचं ते खरोखरच आलं.

*

"लिहून टाक ना अडीच," घरी आल्यावर आत्या म्हणाली. "कोन येते पाहाले? गावभराच्या बायाइनं आशीर्वाद म्हनून घातला हाय त्यात."

"आशीर्वादाचं वजन वजा कसं करू, आत्या?"

"मंग सोडून दे ते वावर."

"तेही नाही. सोडलं तर ह्या गावातलं वाईट तेवढं गळून जाईल. मग अकोल्याचे साहेब म्हणतील, चिंचखेडात सगळं आबादानी." ती उठून उभी राहिली. "आत्या, चौकोन वेचला गेला, पण वावर उभं आहे. त्याच वावरात नवा आकडा काढते. नवा चौकोन. आधीचा का बिघडला ते जसंच्या तसं प्रबंधात लिहिते."

"माहं नाव लिहिशील?"

"लिहिते की. 'आत्याच्या प्रेमामुळे.'"

"मेली!" आत्या म्हणाली, पण तिच्या जिवात जीव आला.

सत्यवती ओसरीवर पाटलांना सगळं समजावून सांगत होती, की जास्त वजन लिहिलं तर कचेरी म्हणेल, खारपाणातही एवढं पिकतं, मग सारा तहकूब कशाला. तेव्हा शेषराव तिथं सुपारी कातरत बसला होता. शेषरावच्या कानात पडलं म्हणजे गावात दवंडी पिटली. सकाळी काल्याच्या कीर्तनाला सगळे जमत होते, तर भगवंतराव, शेषराव आणि आणखी चारपाच जण तिला मांडवाच्या तोंडाशीच आडवे आले.

"बाई, चूक झाली आमची," भगवंतराव हात जोडून म्हणाले. "आमाले का माहीत? आता असं करा, एक शेरच लिहा."

"एक काहून? अर्धा लिहा!" शेषराव म्हणाला. "अन् माह्या वावरात पाव. मी सोता पोत्यातून काढून देतो."

"काल घालत होते, आज काढता?"

"काल तुमच्यासाठी घातलं, आज आमच्यासाठी काढतो. फिटंफाट!"

मंडळी हसली, पण हसण्याखाली काळजी होती आणि ती सत्यवतीला ऐकू आली. ही वाईट माणसं नव्हती. काल भरल्या ओंजळी घेऊन आलेली तीच ही माणसं. ती त्यांच्या बाजूनं वाट काढून मांडवात शिरली. आत सहदेवबुवांनी वीणेकऱ्याच्या पाया पडून टाळ हाती घेतले होते.

काल्याचं कीर्तन! ज्यानं ऐकलं त्याला काय सांगावं, आणि ज्यानं ऐकलं नाही त्याला तरी कसं सांगावं. सकाळचं कोवळं ऊन मांडवाच्या फटींतून येतं, वर दह्याची हंडी लटकत असते, मृदंगावर थाप पडते आणि म्हातारी माणसंसुद्धा पोरांसारखी हंडीकडं पाहू लागतात. बुवा गोकुळात शिरले. देव गाई वळतो आहे, दुपार झाली, गोपाळ शिदोऱ्या सोडतात. कोणाची लोण्याची, कोणाची नुसत्या भाकरीची. एक गरीब सवंगडी आपलं गाठोडं पाठीमागं लपवतो आहे. त्यात काय, तर आंबलेल्या कण्या.

"देव म्हनते, दाखव," बुवांनी आवाज खाली आणला. "तो म्हनते, नाई. देव म्हनते, अरे दाखव. तो म्हनते, देवा, हे तुह्यासमोर काढाजोगं नाई. मंग देवानं का केलं? लोनी वरती ठेवलं? कण्या बाजूला सारल्या? नाई रे बाप्पा! सगळं एकात ओतलं अन् सोताच्या हातानं कालवलं. म्हनून ज्याच्या हातावर घास पडला, त्याच्या हातात अख्खं गोकुळ आलं. एकाचा घास कमी गोड नाई, एकाचा जास्त आंबट नाई. ज्या दिवशी कण्या लपवान, त्या दिवशी तो काला नाई. ते नुसतं लोनी!"

"विठ्ठल विठ्ठल!" मांडव गरजला.

सत्यवती ताठ बसली. नागपूरच्या वर्गात फळ्याभर सूत्रं मांडून प्राध्यापकांनी जे सांगितलं होतं, ते इथं टाळाच्या ठेक्यावर समोर उभं होतं. ती बायकांमधून उठली. आत्यानं पदर ओढला, तो तिनं हळूच सोडवला, पुढं जाऊन बुवांच्या पायावर डोकं ठेवलं.

"बुवा, मले दोन शब्द बोलू द्या. तुमच्या काल्याचेच."

बाई कीर्तनात मधेच उठते हे गावानं पाहिलं नव्हतं. दोघाचौघांनी पाटलांकडं पाहिलं, पाटलांनी बुवांकडं. बुवांनी टाळ छातीशी धरले आणि म्हणाले, "बोल माय. देवाच्या दारी का नंबर लागते?"

ती वळली. तोंडातून पुस्तकी भाषेऐवजी घरचीच बोली आली.

"मायबाईहो, काकाहो, परवा मी पारावर नमुना म्हनलं. माहा शब्द चुकला. बाजारातला नमुना म्हंजे वरचं लोनी. मले तो नको. मले काल्याचा घास पाहिजे. माह्या चिठ्ठ्या, माह्या पुस्तकातले आकडे, ते कालवनारा हात हाय. त्या हाताले लोनी कोन्तं अन् कण्या कोन्त्या हे माहीतच नाई, म्हनूनच त्याचा घास खरा. काल तुमी माह्या घासात लोनी टाकलं. आज म्हनता, कण्या टाक. दोन्ही वेळा घास बिघडला. भगवंतकाका, खारपाण लपवू नका अन् दाखवूही नका. ज्याचा आकडा निघंल तो निघंल. मी हात मधी घालनार नाई, तुमीही घालू नका. एवढंच मागते. पसा द्याचा तर हा द्या."

पहिल्यांदा बोलल्या त्या माणिकबाई, बायकांतून, बसल्या जागेवरून. "अन् मार्क?"

"मार्क खऱ्याले भेटते, माय."

"मंग आधी सांगाचं ना व! उगाच माहा जरीला गेला!"

मांडव खळखळून हसला. बुवांनी ती वेळ बरोबर साधली, मृदंगाला खूण केली आणि हंडी फुटली.

*

दुसऱ्या सकाळी भगवंतरावांनी मजुरणींना थांबवून ठेवलं. उभं वावर एक दिवस अडकवणं सोपं नव्हतं. वारा सुटला की फुटलेला कापूस मातीत लोळतो. तरी त्यांनी थांबवलं. सत्यवतीनं पुस्तकाचं दुसरं पान उघडलं, आकडा मोठ्यानं वाचला म्हणजे सर्वांना ऐकू यावा, आणि पावलं टाकत निघाली. मागं भगवंतराव, शेषराव, आणि धुऱ्यावर ओळीनं बायका.

ती खारपाण ओलांडून पुढं गेली. झाडं कमरेला लागू लागली, मग छातीला. ती थांबली तिथं बोंडांनी फांद्या वाकल्या होत्या.

भगवंतराव मटकन खाली बसले. "इथं? बाई, मागच्या उन्हाळ्यात इथं धनगराचे मेंढरं बसवले होते मी. सगळं खत इथंच पडलं. अख्ख्या वावरात असा तुकडा दुसरा नाई!"

शेषराव पुटपुटला, "आता आलं सगळं लोनी."

सत्यवतीच्या हातातली खुंटी तशीच राहिली. चांगला तुकडा निघाला याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण हे काय, दैवानं थट्टा करावी तसं! परवा खारपाण निघाला तेव्हा ते बिचारे लाजेनं मेले, आज भरलं पीक निघालं तर साऱ्याच्या भीतीनं. दहा पावलं इकडं. दहा पावलं कोणाला दिसणार? ज्या गावानं भाकरी घातली, त्या गावासाठी दहा पावलं. पण जिथं आकड्यानं आणून उभं केलं होतं, तिथून तिचे पाय हलले नाहीत.

"काका," ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "परवा तुम्ही म्हणाले, दहा पावलं इकडं घ्या. मी नाही घेतली. आज घेतली तर परवाचीही खोटी होती असं होईल. एका चौकोनावर तुमचा सारा ठरत नाही. तिवशापासून इथपर्यंत सगळे घास मिळून आकडा येतो. कुठं खारपाण निघाला आहे, कुठं मेंढरं बसली आहेत. पण त्यातला एक जरी मी हातानं हलवला, तर सगळ्यांवरचा विश्वास जातो."

"अन् आकडा जास्तीच निघाला तर?"

"तर जास्ती. मी वचन देऊ शकते ते एवढंच, की तो तुमच्याकडूनही नसंल अन् सरकारकडूनही नसंल."

भगवंतराव अंग झटकून उठले. मग त्यांनी हात पुढं केला. तिला वाटलं, खुंटी हिसकावून घेतात. त्यांनी ती घेतली, जमिनीवर टेकवली आणि इकडंतिकडं पाहून एक धोंडा उचलला.

"सरळ धरा, बाई. तिरपी जाईल."

चारही खुंट्या त्यांनीच ठोकल्या. जमुना आणि मजुरणी आत शिरल्या. धुऱ्यावर माणिकबाईंनी स्वतःची ओटी सोडून दोन्ही हातांनी झटकली, सर्वांना दिसेल अशी, आणि मागच्या बायकांना दटावलं, "कोनी आत पाय टाकाल तर पाहा! पानीही इथंच प्या!" आत्यानं दोरीपाशी बैठक मारली ती हलली नाही. तोंडानं नामस्मरण, डोळे वेचणाऱ्या हातांवर.

चौकोन रिकामा झाला. पोतं बाभळीला नेताना सत्यवतीनं आपणहून त्यात हात घातला. आखूड धागा, खरबरीत, नुसता गावरान. तिनं काटा टांगला आणि बाजूला सरली.

"तुम्ही वाचा, काका."

"मले वाचता येते का हे?"

"रेघा मोजता येतात ना?"

भगवंतराव काट्याजवळ गेले. डोळ्यांवर हात धरला. रेघा मोजताना त्यांचे ओठ हलत होते. शेषरावनं मान वाकवून पाहायचा प्रयत्न केला, तर त्यांनी त्याला कोपरानं मागं सारलं. मग ते वळले आणि धुऱ्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले,

"साडेचार शेर! कमी नाई, जास्ती नाई. लिहा!"

तिनं लिहिलं. त्याखाली, पहिला चौकोन का रद्द झाला ते चार ओळींत लिहिलं, काही न लपवता. बायका आता भगवंतरावांच्या वावरात पसरून ओट्या भरू लागल्या होत्या. सत्यवतीनं दोरी गुंडाळली, काटा काखेत धरला आणि शेषरावकडं पाहिलं.

"चला."

"आत्ता? ऊन पाहा ना, बाई! जेवून-खावून..."

"कापूस जेवायला थांबतो का? चला. आधी तुमच्या वावराचा कोपरा दाखवा."

शेषराव कुरकुरत पुढं निघाला. ती त्याच्या मागं धुरा ओलांडून पलीकडं उतरली, आणि चालता चालताच तिनं पुस्तकाचं तिसरं पान उघडलं.